काजळीची प्रत

ईमेल लिहायला घेतला की 'टू'च्या खाली 'सीसी' अशी एक ओळ दिसते. मराठी कचेऱ्यांत ही दोन अक्षरं आता इतकी रुळली आहेत की त्यांना मराठी प्रत्ययही लागतात. 'मला सीसीत ठेव', 'मोठ्या साहेबांना सीसीला टाकलंस ना?', 'त्यांना कशाला सीसीत घेतलं?' ही वाक्यं बोलताना कुणी अडखळत नाही. अक्षरांची फोड विचारली तर 'कार्बन कॉपी' हेही बरेच जण सांगतात. पण त्यातला कार्बन म्हणजे नेमकं काय, हे विशीतल्या मुलामुलींना ठाऊक असायचं कारण नाही. ज्या कागदावरून हे नाव पडलं, तो त्यांच्यापैकी अनेकांनी हातातही धरलेला नसतो.

तो कागद पातळ आणि हलका, एका बाजूने फिकट, दुसऱ्या बाजूने काळा किंवा गर्द निळा. काळ्या बाजूवर मेण, तेल आणि काजळी यांचा लेप. दाब पडला की तेवढ्याच जागेवरचा लेप सुटून खालच्या कागदाला चिकटतो. सगळी युक्ती एवढीच. काजळ घोटून शाई करणाऱ्या आपल्या जुन्या पोथीलेखकांना ही वस्तू दाखवली असती, तर त्यांनी ती लगेच ओळखली असती. शाई तीच, फक्त दौतीतून काढून कागदावर पसरवून ठेवलेली.

टाइपरायटरवर चार प्रती काढायच्या तर आधी चळत लावावी लागे. वर चांगला जाड कागद, त्याखाली कार्बन, त्याची काळी बाजू खाली. मग कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ कागद, पुन्हा कार्बन, पुन्हा पातळ कागद. चळत टेबलावर उभी ठोकून कडा जुळवायच्या आणि मग ती रुळात सरकवायची. एखादा कार्बन उलटा लागला तर पान पूर्ण होईपर्यंत कळत नसे. बाहेर काढल्यावर पाहावं, तर मूळ पत्राच्या पाठीवर सगळा मजकूर आरशातल्यासारखा उमटलेला आणि खालचा कागद कोरा. एक अक्षर चुकलं तर ते चारही कागदांवर वेगवेगळं खोडायचं, आणि वरचं खोडताना खालचं काळं होऊ नये म्हणून मध्ये कागदाचा कपटा सरकवायचा. त्यामुळे टायपिस्टची किंमत नुसत्या वेगावर ठरत नसे, हात किती बिनचूक आहे यावरही ठरे. कळीवर बोट जोरात पडलं तरच ठसा तळापर्यंत पोचे. पाचव्या-सहाव्या प्रतीवर अक्षरं पुसट, कडा फुगलेल्या, 'थ' की 'य' हे अंदाजाने ओळखायचं. कागदांच्या या उतरंडीत कोणाची प्रत कितवी, यावरूनही माणसाची पायरी कळत असे. स्वच्छ मूळ पत्र ज्याला लिहिलं त्याला, त्याखालची प्रत वरिष्ठांना, आणि सगळ्यांत फिकी बहुधा कचेरीच्याच फायलीत.

ही वस्तू जन्मली मात्र कचेरीसाठी नाही. तिच्या उगमाशी अंध माणसं आहेत.

१८०६ मध्ये इंग्लंडमधल्या राल्फ वेजवुड यांनी एका लेखनयंत्राचं पेटंट घेतलं. चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वेजवुड घराण्यातलेच हे गृहस्थ. अंधांना लिहिता यावं ही त्यांची मूळ खटपट होती. पिसाच्या लेखणीने लिहिणाऱ्या अंध माणसाची अडचण साधी आणि क्रूर होती. लेखणीतली शाई संपली तरी त्याला कळायचं नाही, तो लिहीतच राहायचा आणि पान कोरं राहायचं. वेजवुड यांनी छपाईच्या शाईत भिजवून वाळवलेला कागद दोन कागदांच्या मध्ये ठेवला आणि वरून धातूच्या बोथट टोकाने लिहायची सोय केली. शाई कागदातच असल्यामुळे ती मध्येच संपायचा प्रश्न राहिला नाही. त्याच सुमारास इटलीत पेल्लेग्रिनो तुर्री यांनी कारोलिना फान्तोनी या अंध उमरावपत्नीसाठी टंकलेखनाचं एक यंत्र बनवलं आणि त्याला शाई पुरवायला असाच कागद वापरला. ते यंत्र आज उरलेलं नाही. पण तिने त्यावर लिहिलेली १८०८च्या आसपासची पत्रं शिल्लक आहेत. दोन देशांतल्या दोन माणसांना एकाच दशकात एकच गोष्ट सुचली, ती दोघांनाही दृष्टिहीन माणसाचा विचार करताना सुचली, आणि पुढे जगभरच्या कचेऱ्या तिच्यावर चालल्या. 'सीसी' लिहिताना ही हकिकत आठवावी इतकी ती मोलाची आहे.

प्रत काढायची गरज अर्थातच त्याहून फार जुनी. ईस्ट इंडिया कंपनीची पत्रं मुंबईहून लंडनला जायची ती एकाहून अधिक प्रतींत, वेगवेगळ्या जहाजांतून. एखादं बुडालं तरी मजकूर पोचावा म्हणून. या प्रती कारकून हाताने लिहीत. वाफेच्या इंजिनामुळे सर्वांना माहीत असलेले जेम्स वॉट धंद्याच्या पत्रांच्या नकला करून इतके वैतागले की १७८०मध्ये त्यांनी नकलेच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ताज्या शाईच्या पत्रावर ओलसर झिरझिरीत कागद दाबायचा. शाई त्यात उलटी उतरायची आणि कागद पातळ असल्यामुळे मागच्या बाजूने सुलटी वाचता यायची. कचेऱ्यांनी ही पद्धत शतकभर वापरली. वेजवुड यांचा कागद मात्र मागे पडला. पिसाच्या लेखणीने दाब देता येत नाही आणि शाईने न लिहिलेल्या मजकुरावर व्यापाऱ्यांचा भरवसा बसत नव्हता. १८७४मध्ये रेमिंग्टन कंपनीचा टाइपरायटर बाजारात आला. त्याची कळ हातोडीसारखी आदळते. काजळीच्या कागदाला हवा होता तो दाब तेव्हा कुठे मिळाला.

हाताने केलेली नकल आणि कार्बनची प्रत यांत एक मूलभूत फरक आहे. महाराष्ट्राला तो ज्ञानेश्वरीच्या निमित्ताने फार पूर्वी कळला होता. तीन शतकं नकलेवरून नकल होत गेलेल्या ग्रंथात इतके पाठभेद शिरले की शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, संत एकनाथांना तो शुद्ध करावा लागला. लिहिणारा थकतो, एखादी ओळ गाळतो, अपरिचित शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द घालतो. कार्बनला असं काही करताच येत नाही. मूळ पत्र आणि प्रत एकाच आघातात जन्मतात. मूळ पत्रात चूक असेल तर तीच चूक, त्याच जागी, प्रतीतही असते.

कायद्यानेही हा फरक मानला. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्यात अशी तरतूद होती की एकाच प्रक्रियेतून अनेक दस्त तयार झाले असतील, तर त्यातला प्रत्येक दस्त बाकीच्यांच्या मजकुराचा प्राथमिक पुरावा ठरतो; मूळ दस्तावरून मागाहून काढलेली नकल ही वेगळी गोष्ट. वैद्यकीय प्रमाणपत्राची कार्बन प्रत अशी प्राथमिक पुरावा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालच्या एका निकालात म्हटलं. फायलीतल्या त्या फिक्या कागदाला न्यायालयात उभं राहायचं बळ होतं.

आता शब्दाकडे यावं. इंग्रजीतला 'कॉपी' हा शब्द लॅटिन 'कोपिआ'वरून आला आणि त्याचा अर्थ होता विपुलता, भरपूर साठा. मध्ययुगीन लॅटिनमध्ये एखाद्याला मजकूर उतरवून घ्यायची मुभा देणं या अर्थाने तो वापरला गेला आणि तिथून 'नकल' या अर्थावर येऊन ठेपला. मराठीत आल्यावर त्याने आणखी घरं केली. परीक्षेच्या हंगामात 'कॉपी' म्हणजे गैरप्रकार, म्हणून 'कॉपीमुक्त अभियान'. वर्तमानपत्राच्या कचेरीत 'कॉपी' म्हणजे बातमीदाराने लिहून दिलेला मूळ मजकूर, अर्थ अगदी उलटा. घरात 'अगदी बापाची कार्बन कॉपी' हे वाक्य पाळण्याजवळ उभं राहून कौतुकाने म्हटलं जातं. आपला स्वतःचा शब्द 'प्रत'. त्याची गंमत अशी की तो एकाच वेळी नकलही सांगतो आणि दर्जाही: 'पुस्तकाची एक प्रत' आणि 'उत्तम प्रतीचा तांदूळ'. 'नकल' म्हणजे सातबाराची नकलही आणि एखाद्याच्या बोलण्याची केलेली नकलही.

टंकलिखित पत्रात 'सीसी' ही खूण सहीखाली डावीकडे येई आणि तिच्यापुढे, ज्यांना प्रत धाडली त्यांची नावं. काही जण तिची दुसरी फोड सांगतात. इंग्रजीत पानासाठी एक 'पी' आणि पानांसाठी दोन, तशी प्रतीसाठी एक 'सी' आणि प्रतींसाठी दोन. दोन्ही फोडी चालत आल्या आहेत. पण लोकांच्या मनात कार्बनच राहिला. कामाच्या दृष्टीने अर्थ एकच: हे पत्र तुम्हाला लिहिलं आहे, आणि ते अमुक लोकांनाही माहीत आहे. यातला दुसरा भाग महत्त्वाचा. प्रत कोणाला गेली हे मूळ पत्रावरच लिहिलेलं असल्यामुळे पत्र घेणाऱ्याला ते दिसतं. 'सीसी' म्हणजे उघडपणे बोलावलेला साक्षीदार.

महाराष्ट्राच्या शासकीय पत्रव्यवहारात या साक्षीदारांची भाषाच निराळी घडली आहे. पत्राच्या माथ्यावर 'प्रति', तळाशी 'प्रत'. वरिष्ठांना जाणारी 'माहितीसाठी सविनय सादर', हाताखालच्यांना जाणारी 'माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी'. या एका शब्दभेदात पुष्कळ काही ठरतं. पहिल्याने वाचून ठेवायचं असतं, दुसऱ्याने काम करायचं असतं. ईमेलच्या 'सीसी'त हा भेद राहिला नाही आणि रोजचे गोंधळ तिथेच सुरू होतात. 'मी सीसीत होतो, मला वाटलं नुसतं माहितीसाठी आहे' हे वाक्य ऐकलं नसेल अशी कचेरी विरळा. शासन निर्णयाच्या शेवटी तर प्रतींची लांबलचक यादी असते: मंत्र्यांचे सचिव, महालेखापाल, विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, आणि अगदी शेवटी 'निवडनस्ती'. म्हणजे कोणत्याही माणसाला नव्हे, विभागाच्या जपून ठेवलेल्या फायलीला पाठवलेली प्रत. कचेरीत राहणाऱ्या प्रतीला 'स्थळप्रत' म्हणतात. इतका नेमका शब्द इंग्रजीच्या 'ऑफिस कॉपी'लाही जमलेला नाही.

साहेबांना सीसीत घेतलं की समोरचा दुखावतो, हेही खरं. दोघांतलं बोलणं तिसऱ्यापुढे नेल्याचं ते लक्षण असतं. पण जो दुर्बळ बाजूला असतो, त्याच्या हातात अनेकदा दुसरं काहीच नसतं. पगार अडकलेल्या शिक्षिकेने मुख्याध्यापकांना लिहिलेल्या अर्जाखाली 'प्रत: मा. शिक्षणाधिकारी' ही ओळ घातली की त्या अर्जाचं वजन वाढतं, आणि ते वाढायलाच हवं.

'बीसीसी' हा मात्र वेगळाच प्रकार. त्यातला 'बी' म्हणजे 'ब्लाइंड', इथे अर्थ 'न दिसणारी'. टायपिस्ट पत्र पूर्ण झाल्यावर वरचा मूळ कागद काढून घेई आणि फक्त खालच्या प्रतींवर 'बीसीसी' असं लिहून नाव टाइप करी. मूळ पत्रावर त्याची खूणही नसे. ईमेलमध्ये या अदृश्य ओळीचा सर्वांत चांगला उपयोग अनेकांना एकदम पत्र पाठवताना होतो, कारण कोणाचा पत्ता कोणाला दिसत नाही. तो विसरल्याने काय होतं, हे लंडनमध्ये सप्टेंबर २०१५मध्ये दिसलं. तिथल्या एका दवाखान्याने आपल्या ७८१ वाचकांना वार्तापत्र पाठवलं आणि सगळे पत्ते 'बीसीसी'ऐवजी 'टू'च्या ओळीत घातले. वार्तापत्र एचआयव्हीवर उपचार घेणाऱ्यांसाठीच्या सेवेचं होतं. बहुतेक पत्त्यांत पूर्ण नावं होती. ज्यांनी ही गोष्ट घरातही सांगितली नव्हती, त्यांची नावं क्षणात शेकडो अनोळखी माणसांसमोर गेली. पुढच्या वर्षी दवाखान्याच्या संस्थेला १,८०,००० पौंडांचा दंड झाला. दंडाने नावं परत झाकली जात नाहीत.

प्रतीची ताकद सत्तेलाही कळते. सोव्हिएत लेखक वासिली ग्रॉसमन यांनी स्टालिनग्राडच्या लढाईभोवती लिहिलेली 'जीवन आणि नियती' ही मोठी कादंबरी १९६०मध्ये पूर्ण केली. फेब्रुवारी १९६१मध्ये केजीबीची माणसं मॉस्कोतल्या त्यांच्या घरी आली. त्यांनी लेखकाला अटक केली नाही. त्यांनी हस्तलिखितं नेली, टंकलिखितं नेली, कच्चे खर्डे नेले, आणि वापरलेले कार्बन पेपर व टाइपरायटरच्या फितीही नेल्या. कार्बन का, याचं कारण हातात धरल्यावर कळतं. एकदाच वापरलेला कार्बन उजेडासमोर धरा. कळ जिथे जिथे आदळली तिथला लेप निघून गेलेला असतो आणि काळ्या कागदावर उजेडाची अक्षरं दिसतात. पानभर मजकूर वाचता येतो. ग्रॉसमन १९६४मध्ये वारले, पुस्तक छापलेलं न पाहताच. पण त्यांनी एक प्रत कवी सेम्यॉन लिपकिन यांच्याकडे ठेवली होती. तिची सूक्ष्मफिल्म काढण्याच्या कामी भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई साखारव यांनी मदत केली, ती देशाबाहेर गेली आणि १९८०मध्ये स्वित्झर्लंडमधून कादंबरी प्रसिद्ध झाली. सोव्हिएत संघातच १९६८पासून 'चालू घटनांची बखर' या अर्थाच्या नावाचं एक गुप्त वार्तापत्र निघत होतं. त्यात अटका, खटले, तुरुंगातली वागणूक यांच्या नोंदी असत. पातळ कागदांवर कार्बन लावून काही प्रती निघत. त्या ज्याला मिळत तो पुन्हा कार्बन लावून आणखी काही प्रती काढी. छापखाने सरकारच्या ताब्यात होते, कार्बन पेपर लोकांच्या.

संगणकावर पत्रं सुरू झाली तेव्हा तिथे ना काजळी होती ना दाब. तरी १९७७मध्ये अमेरिकेतल्या अर्पानेट या संगणकजाळ्यावरच्या पत्रांचा साचा ठरवणारा जो मसुदा निघाला, त्यात 'सीसी' आणि 'बीसीसी' या ओळी होत्या. साचा बनवणाऱ्यांच्या आसपास टाइपरायटरच होते आणि पत्र म्हटलं की हाच आराखडा डोळ्यांपुढे येई. २००१ साली हा साचा नव्याने लिहिला गेला, तेव्हा 'सीसी' म्हणजे टाइपरायटरवर कार्बन पेपर लावून काढतात तशी प्रत, असा खुलासा त्यात मुद्दाम करावा लागला. तोवर कार्बन समजावून सांगायची वेळ आली होती.

कार्बन पेपर मात्र पुरता गेलेला नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने बिनकार्बनचा कागद काढला. वरच्या पानाच्या पाठीवर रंगद्रव्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्या, खालच्या पानावर चिकणमातीचा लेप. पेनाच्या दाबाने कुप्या फुटतात आणि रंग उमटतो. पांढरं, गुलाबी, पिवळं अशा तीन पानांची बिलबुकं आज याच कागदाची असतात. तरीही बाजारपेठेतल्या दुकानांत जुनं बिलबुक आणि त्यात खोवलेला, वापरून वापरून जाळी पडलेला निळा कार्बन अजून दिसतो. साडीवर नक्षी उतरवून घेणाऱ्या बायका भरतकामासाठी पिवळा कार्बन आजही मागतात.

आणि तहसील कचेरीत तो अजून अर्जाखाली असतो. बाहेर बाकावर बसून कुणी बॉलपेनने, जोर देऊन, अर्ज लिहितं: रस्त्याचा वाद, वारसाची नोंद, पिकाची नुकसानभरपाई. खाली कार्बन, त्याखाली दुसरा कागद. शेवटी 'प्रत माहितीसाठी: मा. जिल्हाधिकारी'. मग रांग, मग बारनिशीची खिडकी. जाणती माणसं सांगून ठेवतात, 'पोच घेतल्याशिवाय हलू नकोस.' आतला कारकून दोन्ही कागद एकावर एक धरून बघतो, तारखेचा गोल शिक्का दोन्हींवर मारतो, आवक क्रमांक घालतो, बाजूला छोटी सही करतो. वरचा कागद ढिगात जातो. खालचा, निळसर अक्षरांचा, खिडकीतून परत येतो. घेणारा तो एकदा वाचतो, चार घड्या घालतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबाऱ्याशेजारी ठेवून देतो.